पप्पांची छावणी

त्या दिवशी माझे सासरे हरवले. मी हॉटेलच्या रिझर्व्हेशन ऑफिसात होते, मुलगी शाळेत होती आणि नवरा कामासाठी अबुधाबीला गेला होता. रोज दुपारी मी पप्पांना फोन करून जेवलात का विचारायची. त्या दिवशी फोन नुसता वाजत राहिला. शेजारच्या मल्याळी बाईंना दार ठोठावायला सांगितलं. दार कुणी उघडेना, म्हणून त्यांनी खाली वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, बाबा सकाळीच टोपी घालून मेट्रोच्या दिशेने गेले.

पप्पांनी ऐंशी ओलांडली होती. त्या पावसाळ्यात मम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या, आणि वसईच्या घरात ते एकटे नकोत म्हणून आम्ही त्यांना आमच्याकडे, इकडे गल्फमध्ये, डिस्कव्हरी गार्डन्सला आणलं. त्यांचा त्रास कुणालाच नव्हता. सकाळी बाल्कनीत बसायचे, संध्याकाळी बिल्डिंगांमधल्या झाडांखाली फेऱ्या मारायचे, हाक मारली की जेवायला यायचे. बोलणं मात्र जवळजवळ बंद झालं होतं. काही विचारलं की "बरं आहे बाय," एवढंच. असा माणूस कुणाला न सांगता निघून गेला म्हटल्यावर मी काम तसंच टाकून उठले.

मॅनेजरकडे सुट्टी मागत होते तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडून कुणीतरी हिंदीत बोलत होतं. "मॅडम, टेन्शन मत लो. आपके बाबूजी इधर देरा बस स्टेशन पे हैं. रास अल खैमा का टिकट मांग रहे हैं. मोबाइल घर पे भूल गए, आपका नंबर जेब में था."

टॅक्सी करून पोचले. पप्पा बाकावर बसले होते, हातात कागदी कपातला चहा. शेजारी एक सुदानी ड्रायव्हर आणि मला फोन करणारा पेशावरचा तिकीटवाला. पप्पा त्या ड्रायव्हरशी अरबीत बोलत होते! तुटक, अडखळत, पण अरबीतच. ड्रायव्हर हसून मला हिंदीत म्हणाला, "बाबा का अरबी बहुत पुराना है. मेरे दादा के टाइम का."

मला एकाच वेळी रडू येत होतं आणि रागही. "पप्पा, सांगायचं तरी होतं!"

"सांगितलं असतं तर तुम्ही सुट्ट्या काढल्या असत्या. उगाच कशाला?"

"पण रास अल खैमाला आहे काय?"

त्यांनी चहा संपवला, कप चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि म्हणाले, "माझी छावणी."

लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मला इतकंच माहीत होतं, की पप्पा तरुणपणी थोडी वर्षं गल्फला होते आणि तिथून आल्यावर त्यांनी वसईत बेकरी टाकली. त्यांच्या उजव्या खांद्यापासून पाठीपर्यंत भाजल्याचा मोठा डाग आहे. उन्हाळ्यात ते उघड्या अंगानं बसले की दिसायचा. बेकरीवाल्याला भाजणारच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. माझ्या नवऱ्यानंसुद्धा त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी नवरा अबुधाबीहून परत आल्यावर, जेवताना पप्पा बोलले. महिनाभर गप्प असलेला माणूस असा बोलू लागला, की भात ताटात गार झाला तरी कुणी हात धुवायला उठलं नाही.

तेव्हा हा देश झालाच नव्हता. किनाऱ्यावर वेगवेगळ्या शेखांची राज्यं होती आणि त्यांच्या आडून ब्रिटिशांचा अंमल. वाळवंटातल्या टोळ्यांमधली भांडणं आवरायला, रस्ते राखायला ब्रिटिशांनी इथल्याच पोरांची एक फौज उभारली होती. अधिकारी गोरे, शिपाई बरेचसे अरब. त्या फौजेत भरती झालेल्या नव्या पोरांना तयार करायची एक छावणी उत्तरेला समुद्राकाठी होती. मागे डोंगर, पुढे समुद्र, मधे सपाट वाळू. दगडमातीच्या बुटक्या बराकी, काही तंबू, एक परेडचं मैदान आणि झेंड्याचा खांब. वसईतल्या एका ओळखीच्या माणसानं पप्पांना तिथं पाव भाजायच्या कामावर लावून दिलं होतं. तेव्हा त्यांना मिसरूडसुद्धा नीट फुटलं नव्हतं.

"पोरं यायची कशी, माहितीये?" पप्पा म्हणाले. "कुणी लॉरीत बसून, कुणी उंटावर, कुणी तर अनवाणी चालत. पायात बूट घालायचे म्हणजे त्यांना शिक्षाच. पहिल्या आठवड्यात अर्धी पोरं लंगडत असायची. तो गोरा सार्जंट ओरडायचा इंग्लिशमध्ये, जॉर्डनहून आणलेला मास्तर तेच ओरडायचा अरबीत, आणि पोरं भलतीकडेच वळायची. पण चार-सहा महिन्यांत अशी चालायची, की बघत राहावं. लिहायला-वाचायलाही तिथंच शिकवायचे त्यांना."

"आणि तुम्ही?" नवऱ्यानं विचारलं.

"मी भट्टीवर. साहेबांना चौकोनी लोफ लागायचा, पोरांना हवी खुब्ज, म्हणजे आपली रोटीच. दोन्ही करायचो. विहिरीचं पाणी इतकं मचूळ, की पिठात वेगळं मीठ घालावं लागायचं नाही. यीस्टचे डबे संपले की खजूर भिजत घालायचो. आपल्याकडे ताडीवर पीठ आंबवतात ना, तसं. कॅप्टन विचारायचा, आज पावाला खजुराचा वास कसा? मी म्हणायचो, वाऱ्यानं येत असेल सर."

माझी मुलगी हसली. "ग्रँडपा, यू वर सो नॉटी!"

पप्पाही हसले. मग थांबले आणि त्या मुलाबद्दल बोलू लागले.

तो रिक्रूट होता, पप्पांच्याच वयाचा, जवळच्याच एका कोळीवाड्यातला. परेडला उशीर झाला की शिक्षा म्हणून त्याला भटारखान्यात पाठवायचे, आणि त्याला रोजच उशीर व्हायचा. पप्पांना अरबी त्यानंच शिकवली. पप्पांनी त्याला हिंदी गाण्यांच्या ओळी शिकवल्या. तो पप्पांना नावानं हाक मारत नसे. "या खब्बाज," म्हणायचा. अरे पाववाल्या.

भट्टी डिझेलवर चालायची. एके सकाळी समुद्रावरचा वारा अचानक फिरला आणि ज्वाळा उलटी बाहेर आली. पप्पांच्या सदऱ्यानं पेट घेतला. ते खाली पडले, भटारखान्याचं लोखंडी दार मागे बंद झालं. तो मुलगा पिठाच्या गोण्या उचलत बाहेर होता. त्यानं तापलेलं लोखंडी दार नुसत्या हातानं ओढून उघडलं आणि पप्पांना वाळूत फरफटत नेलं.

"त्याचा उजवा हात गेला," पप्पा म्हणाले. "गेला म्हणजे राहिला, पण बोटं चिकटली. मी इस्पितळात होतो, तेव्हा एक नर्स म्हणाली की त्याला फौजेतून काढलं. बंदूक धरता येईना. मी बरा होतोय तोवर मला बोटीत बसवून मुंबईला पाठवून दिलं. त्याला साधं शुक्रन, थँक्यू, म्हणायला मिळालं नाही मला." मग ते म्हणाले, "तुझ्या मम्मीला माहीत होतं. ती दर रविवारी चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना करायची. आता ती नाही. आता मलाच बघायला हवं ना, त्याचं काय झालं ते."

नवरा उठला आणि पप्पांच्या पाठीवर, त्या डागावरच, हात ठेवून उभा राहिला.

शनिवारी आम्ही गाडी काढली. शारजा, अजमान मागे पडलं. पप्पा पुढच्या सीटवर बसून एकटक बाहेर बघत होते. त्यांना काहीच ओळखू येईना. त्यांच्या वेळी इथं रस्ताच नव्हता, ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूवरून लॉऱ्या जायच्या. आता सहापदरी हायवे, हॉटेलं, बांधकामाच्या क्रेन. मला वाटू लागलं, उगाच आणलं यांना. मग डोंगर दिसायला लागले आणि पप्पांनी डॅशबोर्डवर हात आपटला. "थांब, थांब! त्या डोंगराला दोन कान आहेत बघ. ते भट्टीच्या दारातून दिसायचे. अजून थोडं पुढे घे, कान जवळ आले पाहिजेत."

असं डोंगराकडे बघत बघत आम्ही हायवे सोडला आणि समुद्राच्या बाजूला वळलो. शेवटी एका कुंपणापाशी पोचलो. आत रिकामं मैदान, खुरटी झुडपं, आणि एका टोकाला छप्पर उडालेली लांबट बुटकी इमारत. बाकी काही नाही. कुंपणावर पाटीसुद्धा नव्हती. पप्पा जाळीला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

"हे परेडचं मैदान," ते म्हणाले. "ती बराक. भट्टी त्याच्यामागे होती. आता नाही दिसत."

ब्रिटिश एकाहत्तर साली गेले. पुढचं नंतर गावातल्या लोकांनी सांगितलं: छावणी नव्या देशाच्या सैन्याकडे आली, काही वर्षं चालली, मग सैन्य आत मोठ्या जागी गेलं. कोळ्यांनी रिकाम्या बराकीत जाळी ठेवली, बकऱ्या बांधल्या. एकेक भिंत पडत गेली. जिथं एका राज्याच्या पोरांना दुसऱ्या राज्याच्या पोरांशेजारी उभं राहायला पहिल्यांदा शिकवलं, तिथं आता नुसती वाळू होती. मला त्या गोऱ्या सार्जंटचीसुद्धा दया आली. तोही कुठल्यातरी थंड गावातून येऊन त्या उन्हात उभा राहून ओरडला असेल.

तिथून जवळच होड्या ओढून ठेवलेल्या दिसल्या. एका छपराखाली चार-पाच म्हातारे अरब कॉफी पीत बसले होते. नवरा जायला संकोचत होता. "अनोळखी माणसांना काय विचारायचं? नाव तरी माहितीये का?" नाव पप्पांना आठवत होतं, पण त्या नावाची माणसं इथं घरटी एक. पप्पा मात्र सरळ चालत गेले, सलाम केला आणि आपला उजवा हात पुढे करून, बोटं आवळून दाखवून, त्या जुन्या अरबीत काहीतरी म्हणाले.

म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. त्यांच्यातल्या एकाला चांगली हिंदी येत होती, या किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांना येतेच. तो म्हणाला, "जला हुआ हाथ? आग वाला? वो तो मेरे मामा का लड़का है. घर में है. तुम कौन?"

पप्पा म्हणाले, "खब्बाज."

त्या माणसानं लगेच फोन काढला. फोनवर काय बोलला कळलं नाही, पण "खब्बाज" हा शब्द दोनदा आला, आणि पलीकडून इतक्या मोठ्यानं आवाज आला की आम्हाला सगळ्यांना ऐकू गेला. फोन ठेवून तो म्हणाला, "यल्ला, चलो. बोलता है, जल्दी लाओ, मरने के पहले."

घर जवळच होतं, सरकारनं बांधून दिलेल्या वसाहतीतलं, दारात बोगनवेल. दाराशी काठी टेकून एक उंच, वाळलेला म्हातारा उभा होता. पांढरी पायघोळ कंदुरा, उजवा हात बाहीच्या आत ओढून घेतलेला. पप्पा गाडीतून उतरले आणि जागच्या जागी थांबले. तो म्हाताराच पुढे आला. त्यानं पप्पांच्या नाकाला नाक लावलं, त्यांच्या पद्धतीनं, आणि मग पप्पांना मिठीत घेऊन उजव्या खांद्यावर थोपटलं. बरोबर तिथेच. कुठे भाजलं होतं ते त्याला पक्कं आठवत होतं.

पुरुष बैठकीच्या खोलीत बसले. थोडा वेळ मीही दाराशी बसले होते. पप्पांनी जे म्हणायचं होतं ते आधीच घोकून ठेवलं असावं. त्यांनी हिंदीत म्हटलं, "भाई, मेरे कारण तुम्हारा हाथ गया. नौकरी गया. मैं पूरी जिंदगी यही सोचता रहा."

म्हातारा हसायला लागला. खळखळून हसला. "अरे हबीबी! मेरे को फौज मंगता ही नहीं था. बाप ने भेजा. सुबह लेफ्ट-राइट, शाम को लेफ्ट-राइट, बीच में तुम्हारा जला हुआ रोटी. हाथ जल गया, खलास, मैं आजाद. समंदर में वापस. तुमने तो मेरे को छुड़ाया!"

खोलीतले सगळे हसले. पप्पा आधी नुसतेच बघत राहिले, आणि मग तेही हसले. हसता हसता त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचेही डोळे भरले होते.

तेवढ्यात म्हाताऱ्याची मुलगी मला आत बायकांकडे घेऊन गेली. ती साधारण माझ्या वयाची, शाळेत शिकवणारी, इंग्लिश छान बोलणारी. तिनं कॉफी ओतली, खजूर पुढे केले, माझ्या मुलीची विचारपूस केली. बाहेरचं हसणं आतपर्यंत ऐकू येत होतं. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "बाबांना इतकं हसताना खूप दिवसांनी ऐकतेय."

मी म्हटलं, "फार मोकळ्या मनाचे आहेत. फौज नकोच होती म्हणाले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग उठून दार लोटून घेतलं. "तुम्हाला खरं सांगू? त्यांना फौजेतच राहायचं होतं. फार हौस होती. ब्रिटिश गेल्यावर आपलं स्वतःचं सैन्य झालं, तेव्हा ते पुन्हा भरतीला गेले होते. हात बघून परत पाठवलं. त्यांच्या बरोबरचे पुढे मोठे अधिकारी झाले. अजूनही राष्ट्रीय दिनाची परेड टीव्हीवर लागली की बाबा उठून होडीकडे जातात. ती संपल्यावरच घरी येतात."

मी कप खाली ठेवला. "मग आज असं का म्हणाले?"

"तुमचे सासरे एवढं वय झालेलं असताना इतक्या लांबून आले," ती म्हणाली. "जे ओझं घेऊन आले तेच परत देऊन पाहुण्याला कसं पाठवायचं? आणि बाबांनी कधी तुमच्या सासऱ्यांना दोष दिला नाही हं. आम्हाला गोष्ट सांगताना नेहमी म्हणायचे, वारा फिरला."

मी तिचा हात हातात घेतला. मग तिची आई भाताचं मोठं ताट घेऊन आली, वर तळलेला मासा, आणि आम्ही जेवलो.

निघताना उन्हं उतरली होती. म्हातारा गाडीपर्यंत आला. पप्पांच्या बाजूची काच खाली होती, तिच्यातून त्यानं हात आत घातला. तोच हात. दिवसभरात पहिल्यांदाच त्यानं तो बाहीतून बाहेर काढला होता. पप्पांनी तो दोन्ही हातांत धरला. म्हणाले, "शुक्रन." म्हातारा काहीतरी अरबीत बोलला, त्याचा अर्थ पप्पांनी आम्हाला सांगितला नाही.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. माझ्या मनात म्हाताऱ्याच्या मुलीचे शब्द घोळत होते. मी ठरवलं होतं, हे कुणालाच सांगायचं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली, तेव्हा पप्पांनी मान मागे वळवली.

"बाय, तू आत बायकांत होतीस. तो खरं बोलला असेल ना?"

मी म्हटलं, "हो पप्पा. त्यांची मुलगीही तेच म्हणाली."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हलकेच हसले. "भरतीच्या आदल्या रात्रीच तो चालत आला होता. पहाटे छावणीच्या फाटकाशी बसलेल्या त्याला मीच पहिल्यांदा पाहिलं. गरम रोटी दिली तर खाईना, म्हणे आधी माझं नाव लिहून घ्या, मग खातो. आणि आज म्हणतो, बापानं पाठवलं." त्यांनी मान पुन्हा पुढे वळवली. "चांगला माणूस आहे. मला वाईट वाटू नये म्हणून इतकं बोलला. मग मीही मानून घेतलं. न मानलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. नवऱ्यानं आरशातून मला पाहिलं.

त्यानंतर पप्पा इस्टरपर्यंत आमच्याकडे राहिले. आणखी तीनदा आम्ही तिकडे गेलो. दोघे म्हातारे होड्यांपाशी छपराखाली बसायचे, त्या छावणीच्या गोष्टी काढायचे आणि कोणत्या गोऱ्या साहेबाला मिशा होत्या यावरून भांडायचे. आमच्याशीही पप्पा बोलू लागले. मम्मींबद्दल पहिल्यांदाच बोलले, लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी पाठीला तेल लावताना त्या डागाबद्दल कसं विचारलं, आणि सगळं ऐकल्यावर त्या कशा रडल्या ते. एकदा त्यांनी आमच्या ओव्हनमध्ये खजुराच्या पाण्यावर पाव केला. तो दगडासारखा झाला. ते म्हणाले, ओव्हनच वाईट आहे.

आता ते वसईला परत गेलेत, दीर-जाऊबाई जवळच राहतात. दर शुक्रवारी तिकडून म्हाताऱ्याचा व्हॉइस मेसेज त्याच्या मुलीच्या फोनवरून मला येतो आणि मी तो पप्पांना पुढे पाठवते. कधी त्यात मासळीच्या गप्पा असतात, कधी नुसता खोकला. मागच्या वेळी म्हाताऱ्यानं एक जुनं हिंदी गाणं म्हटलं होतं, शब्द सगळे चुकीचे. पप्पांनी ते ऐकून मला लगेच फोन केला. म्हणाले, "त्याला सांग, दुसरी ओळ मी अशी शिकवलीच नव्हती."